एकतीसपर्यंतची शांतता

एर्मिनियाबाईंनी बाल्दोमेरो स्कार्पाला पहिल्यांदा नीट पाहिलं ते जिन्यात. तसा तो त्याच इमारतीत, त्यांच्या दोन मजले खाली, दोन वर्षं राहत होता. येताजाता मान लववायचा, दार धरून ठेवायचा. पण त्याहून जास्त काही त्याच्याबद्दल सांगा म्हटलं असतं तर बाईंना सांगता आलं नसतं. त्या दिवशी त्या शाळेतून परतत होत्या, काखेत वह्यांचा गठ्ठा होता. पहिल्या वळणावर हा गृहस्थ एक पाय वरच्या पायरीवर, दुसरा खालच्या पायरीवर ठेवून उभा. डोळे मिटलेले, तोंड किंचित उघडं. बाहेर रेल्वे फाटकाची घंटा वाजत होती. मग गाडी आली, जिन्याच्या काचा थरथरल्या, तरी हा हलेना.

बाईंना वाटलं, याला काहीतरी झालंय. बरं वाटत नाहीये का, असं त्यांनी विचारलं. त्याने डोळे न उघडता एक बोट वर केलं. वर्गात बोट वर करणारी मुलं बोलायची परवानगी मागत. हा माणूस बाईंनाच गप्प राहायला सांगत होता.

गाडी गेली, घंटा थांबली. त्याने ओठ मिटून बारीक गुणगुणून पाहिलं आणि डोळे उघडले.

"माफ करा हं बाई. एक सूर घेऊन चाललो होतो. मध्येच सांडला असता."

या गोष्टीला चोवीस वर्षं झाली.

बाल्दोमेरो बांदोनियोन लावून देतो. मांडीवर ठेवून दोन्ही हातांनी ओढत-दाबत वाजवायची ती भात्याची पेटी. ब्वेनोस आयरेसमध्ये कुणाच्या ना कुणाच्या आजोबांची अशी एक पेटी माळ्यावर पडलेली असतेच, आणि वाजवणारेही अजून पुष्कळ आहेत. पेटीच्या पोटात पोलादाच्या शेकडो बारीक पट्ट्या असतात. पट्टीचं टोक खरवडलं की सूर चढतो, बूड खरवडलं की उतरतो. एका बटनाला दोन पट्ट्या, एक खालच्या सप्तकातली, एक वरच्या. दोघी एकमेकींत विरघळल्या पाहिजेत. जराशी चूक राहिली की सूर पाण्यावरच्या होडीसारखा हेलकावतो. तो हेलकावा ऐकायचा आणि मोडायचा, एवढंच बाल्दोमेरोचं काम. हे काम तो सोळाव्या वर्षापासून करत आला. शिकवणारा म्हातारा इटालियन होता आणि वर्षभर त्याने बाल्दोमेरोला हातात कानस घेऊ दिली नव्हती, नुसतं ऐकायला बसवलं होतं.

अशा माणसाने फ्लोरेस्तात, रुळांना लागून घर का घ्यावं? तर ते त्याच्या बायकोने, ओतिलियाने पसंत केलं होतं. ती शहराच्या मध्यभागी एका दुकानात कापड मोजून द्यायची. घरातून निघाली की चार मिनिटांत फलाटावर असायची. शिवाय त्या घरात दुपारचं ऊन यायचं. बाल्दोमेरोने कधी कुरकुर केली नाही. तो दोन गाड्यांच्या मधल्या वेळात काम करायचा. फाटकाची घंटा वाजली की ओतिलिया स्वयंपाकघरातून सांगायची, "आली." तो कानस खाली ठेवायचा. गाडी गेली की पुन्हा उचलायचा. ओतिलिया गेली त्याला नऊ वर्षं झाली. त्यानंतर "आली" म्हणायला कुणी उरलं नाही, पण कानस खाली ठेवायची सवय राहिली.

बाई तोवर निवृत्त झाल्या होत्या. दोघं एकेकटी, म्हणून रविवारी सकाळी एकमेकांकडे कडू चहा होऊ लागला. वाळवून पोखरलेल्या एकाच छोट्या भोपळ्यातून, एकाच नळीने, आळीपाळीने. बोलणं बेताचंच व्हायचं. बाईंच्या लक्षात आलं होतं की गाडी गेल्यानंतर बाल्दोमेरो पूर्वीपेक्षा जास्त वेळ गप्प बसतो. एकदा त्यांनी घड्याळ लावून पाहिलं. गाड्यांमध्ये सात मिनिटांचं अंतर होतं आणि त्यातली तीन मिनिटं त्याच्या कानात गाडीच चालू असायची. सहासष्ट वर्षांचे कान. उरलेल्या चार मिनिटांत खालच्या चौकात बस थांबत, सिग्नल मिळेपर्यंत घरघरत राहत.

गेल्या वसंतात, तिकडे तो ऑक्टोबरात येतो, लुक्रेसिया तोसी त्याच्याकडे पेटी घेऊन परत आली. ही तिशीतली वादक, एका चांगल्या वाद्यवृंदात वाजवते, आणि बाल्दोमेरोखेरीज दुसऱ्या कुणाला पेटी उघडू देत नाही. ती भांडली असती तर त्याला इतकं लागलं नसतं. ती म्हणाली, "उस्ताद, माझ्याच कानाचा दोष असेल, पण डाव्या हाताचा हा खालचा सूर एकदा बघता का?"

तो त्याने त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशीही नाही, रविवारी पहाटे गाड्या कमी असताना ऐकला. दोष लुक्रेसियाच्या कानाचा नव्हता. खालची पट्टी वरच्या पट्टीशी जुळतच नव्हती. ती कशाशी जुळते हे शोधायला त्याला सकाळ लागली. आठ वाजता चौकात बस येऊन थांबली, घरघरू लागली, आणि पट्टी त्या घरघरीत अशी विरघळली की बाल्दोमेरोने कपाळावर हात मारला. त्याने लुक्रेसियाची पेटी बसच्या सुरात लावून दिली होती.

हे त्याने बाईंना सांगितलं तेव्हा बाईंना हसू आलं आणि त्यांनी ते भोपळ्याआड लपवलं. तो हसत नव्हता. तो म्हणाला की उन्हाळा संपेपर्यंत शांत घर मिळालं तर ठीक, नाहीतर अवजारं देऊन टाकीन. चुकीचा सूर लावून देणाऱ्या माणसाने कानस हातात धरू नये. तो हे इतक्या साध्या आवाजात बोलला की बाईंनी ते खरं मानलं.

घर शोधून देणारा दलाल नेस्तोर क्वालिया हा बाईंचाच विद्यार्थी निघाला. चौथीत त्याने शेजारच्या मुलाचा नकाशा उतरवून काढला होता तो त्या मुलाच्या नावासकट. आता पोट सुटलं होतं, मोटार होती, आणि तरी बाईंसमोर तो हात पाठीमागे बांधून उभा राहायचा. अजूनही त्यांना शाळेतल्यासारखं "सेन्यो" म्हणायचा. बाल्दोमेरोने बाईंना सोबत यायची विनंती केली होती. मला फक्त ऐकू येतं, म्हणाला, बघायला कुणीतरी हवं.

ते खरंच होतं. बाल्दोमेरो डोळे मिटून घरं बघायचा. खोलीच्या मध्यभागी उभा राहायचा, खिशातून नादकाटा काढून गुडघ्यावर आपटायचा आणि कानाशी धरायचा. काट्याचा सूर हळूहळू विझत जातो. घर शांत असेल तर तो फार वेळ ऐकू येतो. गोंगाट असेल तर रस्ता त्याला लवकर गिळतो. बाईंनी आकडे मोजायचे. त्या ओठांतल्या ओठांत, एका लयीत मोजायच्या, पाढे म्हणून घ्यायची सवय होतीच. त्याच्या स्वतःच्या घरात, गाडी नसताना, आकडा नऊवर जायचा.

पहिलं घर अकरावर संपलं. नेस्तोर म्हणाला, पण प्रकाश बघा ना उस्ताद. उस्तादांचे डोळे मिटलेलेच होते.

दुसरं घर लिनिएर्सच्या बाजूला, रुळांपासून दोन गल्ल्या आत. तिथे आकडा सव्वीसवर गेला. बाल्दोमेरोने डोळे उघडले आणि त्याच्या चेहऱ्यावर असं काही आलं की नेस्तोरने लगेच कागद काढले. बाई खिडकीपाशी गेल्या, खाली पाहिलं, वळल्या.

"नेस्तोर, आज आपण इथे कसे आलो?"

"माझ्या मोटारीने, सेन्यो."

"आणि मोटारीने का आलो?"

नेस्तोर काहीतरी पुटपुटला.

"सगळ्यांना ऐकू जाईल असं सांग."

"आज रेल्वेचा संप आहे, सेन्यो."

"बस खाली."

तो खरोखरच शेजारच्या खुर्चीवर बसला. बाल्दोमेरो जिना उतरेपर्यंत हसत होता. त्या शहरात महिन्या-दीड महिन्याला कुणाचा ना कुणाचा संप असतो, कधी रेल्वेचा, कधी बसचा, आणि अशा दिवशी घर बघणं म्हणजे सुट्टीच्या दिवशी बाजार बघण्यासारखं, हे लहान पोरालाही कळतं. तरी निघताना दोघांच्याही ते ध्यानात आलं नव्हतं. पुढे बाई दर खेपेला निघण्याआधी वर्तमानपत्र वाचून संप नाही याची खात्री करू लागल्या.

तिसऱ्या घरात लिफ्टचं यंत्र भिंतीला लागून होतं. चौथं घर जानेवारीच्या मध्यावर, भर उकाड्यात, मोन्ते कास्त्रोत सापडलं.

जाहिरातीत एकच शब्द ठळक छापला होता: काँत्राफ्रेन्ते. म्हणजे रस्त्याकडे पाठ केलेलं घर. ज्यांना ऐटीत राहायचं असेल ते लोक रस्त्याकडची खिडकी मागतात, ज्यांना झोपायचं असेल ते मागची. मागच्या घरांच्या खिडक्या चारी बाजूंच्या इमारतींच्या मधल्या मोकळ्या जागेत उघडतात, आणि त्या मोकळ्या जागेला तिथले लोक फुप्फुस म्हणतात. हे घर दुसऱ्या मजल्यावर होतं. रूळ चौदा गल्ल्या लांब. बस जवळच्या रस्त्यावरून जायची, पण मधे सगळी इमारत आडवी.

घराची मालकीण मिर्ता नावाची नर्स होती. तिची आणि तिच्या नवऱ्याची, दोघांची नोकरी शहराच्या मध्यभागी होती आणि दोघं स्टेशनजवळ घर शोधत होती. त्यामुळे घराची घराशी अदलाबदल होण्यासारखी होती, आणि नेस्तोरला हे इतकं सुंदर जुळून आलेलं दिसत होतं की तो घाम पुसत अखंड बोलत होता. बाईंनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. तो गप्प झाला.

बाल्दोमेरोने काटा गुडघ्यावर आपटला. बाई मोजत मोजत सज्जात गेल्या. खाली फरशीचं मोठं पटांगण होतं. एका कोपऱ्यात लिंबाचं झाड. भिंतीलगत नळांची रांग, आणि नळ गुडघ्याच्या उंचीवर बसवलेले. मधोमध एक पांढरा खांब, दोरी गुंडाळून ठेवलेली, निशाण नसलेला. शाळा होती. बाईंना ते एका नजरेत कळलं. डिसेंबरात शाळा बंद होतात त्या मार्चमध्ये उघडतात, म्हणून पटांगण रिकामं होतं आणि लिंबाखाली एक मांजर झोपलं होतं. बाईंना बरं वाटलं. इतके नीट, मुलांच्या उंचीचे नळ त्यांच्या स्वतःच्या शाळेत नव्हते. त्या मोजत राहिल्या.

"एकतीस," त्या आत येऊन म्हणाल्या.

बाल्दोमेरोने काटा पुन्हा आपटला, पुन्हा कानाशी धरला. पुन्हा एकतीस.

निघताना मिर्ता दारात थांबली. भली बाई होती, तिला काहीतरी सांगायचं होतं. तिने विचारलं, "तुम्हाला मुलं आवडतात का, उस्ताद?"

बाल्दोमेरोने टोपी हातात फिरवली. "आम्हाला झाली नाहीत," तो म्हणाला.

मिर्ताने त्याच्याकडे पाहिलं, मग नेस्तोरकडे. नेस्तोर म्हणाला की उशीर होतोय, आणि सगळे जिना उतरले.

फेब्रुवारीत सामान हललं. बाल्दोमेरोच्या जागी मिर्ता आणि तिचा नवरा आले. पहिल्याच दिवशी त्यांनी दुपारच्या उन्हात खुर्च्या टाकल्या आणि ओतिलियाने बसवलेला कट्टा तसाच ठेवला. बाई दर रविवारी बस धरून मोन्ते कास्त्रोला जाऊ लागल्या. बाल्दोमेरोने कामाचं टेबल सज्जाच्या दाराशी मांडलं होतं. तीन आठवड्यांत त्याने तीन पेट्या पुऱ्या केल्या. पूर्वी एकीला महिना लागायचा. लुक्रेसियाला त्याने निरोप धाडला होता की मार्चमध्ये पेटी घेऊन ये, या वेळी डावा हात सगळा नव्याने लावून देतो.

मार्चच्या पहिल्या सोमवारी, दहाला वीस मिनिटं कमी असताना, बाईंचा फोन वाजला. पलीकडून कुणी बोलेना. आवाज मात्र येत होता, तीनशे पोरांचा, पळणाऱ्या, पडणाऱ्या, एकमेकांना नावं ठेवणाऱ्या. त्या आवाजाच्या कडेला एक शिक्षिका "भिंतीवर चढू नका" म्हणत होती. बाल्दोमेरोने फोन सज्जाबाहेर धरला होता.

"अगंबाई, मधली सुट्टी झाली," बाई आनंदाने म्हणाल्या.

फोन परत कानाशी गेल्याचा आवाज आला.

"बाई, तुम्हाला माहीत होतं?"

"काय?"

"खाली शाळा आहे हे."

"हो," बाई म्हणाल्या. "निशाणाचा खांब होता की."

"मग बोलला का नाहीत?"

तेव्हा कुठे बाईंना कळलं. त्यांनी खुर्ची ओढली आणि बसल्या. संप ओळखला होता, लिफ्टचं यंत्र ओळखलं होतं, आणि हे... त्यांना खोटं बोलता आलं असतं, दिसलंच नाही म्हणता आलं असतं. पण त्या बाई होत्या.

"मला तो आवाज वाटलाच नाही," त्या म्हणाल्या.

त्याने फोन ठेवला.

रविवारी बाई गेल्या नाहीत, आणि त्यानेही बोलावलं नाही. नेस्तोरकडून त्यांना कळलं की उस्ताद त्याच्याकडे आला होता, अदलाबदल मोडता येईल का विचारत होता. मोडता येत नव्हती. खालच्या घरात मिर्ताने तोवर भिंती रंगवून घेतल्या होत्या. नेस्तोरला बाईंनी विचारलं की तुला तरी माहीत होतं ना. तो म्हणाला, "सेन्यो, तुम्ही सज्जात उभ्या होतात. मला वाटलं, तुम्ही काही म्हणत नाही म्हणजे ते चालण्यासारखं आहे." आयुष्यात पहिल्यांदा या मुलाने त्यांच्याकडे बघून उतरवलं होतं, आणि चूक मूळ प्रतीतच होती.

पाच आठवडे असे गेले. ईस्टर होऊन गेला. एका मंगळवारी लुक्रेसिया तोसी पेटी खांद्याला लावून बाईंच्या दारात उभी राहिली. ती जुन्या पत्त्यावर आली होती, आणि नवा पत्ता द्यायचा की नाही ते बाईंनी ठरवावं म्हणून मिर्ताने तिला वर पाठवलं होतं. तिने सांगितलं की उस्तादांनी फोनवर कळवलंय, पेटी दुसरीकडे ने, मी काम थांबवलंय. दुसरीकडे मी देणार नाही, लुक्रेसिया म्हणाली. त्यांना तोंडावर सांगायला आले तर घरच बदललेलं. नवा पत्ता द्या.

बाईंनी तिला चहा दिला, पत्ता दिला नाही. शुक्रवारी ये म्हणाल्या. लुक्रेसियाने का म्हणून विचारलं नाही. बाईंच्या आवाजात असं काहीतरी असतं की मोठी माणसंही कारण विचारत नाहीत.

बुधवारी सकाळी बाई मोन्ते कास्त्रोला गेल्या, बाल्दोमेरोकडे नव्हे, पलीकडच्या रस्त्याने शाळेच्या फाटकाशी. फाटकावरची सेविका पन्नाशीची, कमरेला किल्ल्यांचा जुडगा लावलेली. नातवाचं नाव घालायचंय का, तिने विचारलं.

"नाही. घंटा केव्हा केव्हा वाजते ते हवंय."

सेविकेने त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुम्ही बाई ना? शाळेतल्या?"

"होते."

"दिसतंच आहे," सेविका म्हणाली आणि आत जाऊन स्टूल घेऊन आली. तिने सगळं तोंडपाठ सांगितलं. शाळा सव्वाआठला भरते. पहिली सुट्टी नऊ चाळीसला, दहा मिनिटं. दुसरी अकरा दहाला. मग बारा वीस ते एक वीस जेवण, आणि त्या तासात देवही काही करू शकत नाही. पुढे दोन चाळीसला एक सुट्टी, आणि चार वीसला घरी. वर्ग सगळे या रस्त्याच्या अंगाला. पटांगणाकडे नुसत्या व्हरांड्याच्या भिंती. आणि घंटा कधी मागेपुढे होते का? सेविकेला या प्रश्नाचा राग आला. ती म्हणाली, घंटा मी वाजवते.

घरी येऊन बाईंनी एक पांढरा पुठ्ठा कापला. त्यावर फळ्यावर लिहायच्या तशा अक्षरात वेळा लिहिल्या, सुट्ट्यांच्या तांबड्या शाईने, तासांच्या निळ्या. तासांपुढे मिनिटं लिहिली: पंच्याऐंशी, ऐंशी, साठ, ऐंशी, नव्वद. खाली मे महिन्यातल्या राष्ट्रीय दिनाची तारीख टाकली आणि कंसात लिहिलं, त्या दिवशी ध्वनिक्षेपक लागेल. त्याखाली एकच ओळ लिहिली: तास चालू असताना मुलांना बोलू देत नाहीत. माफीचं काही लिहिलं नाही. दोनदा लिहायला घेतलं, पण पुठ्ठ्यावर ते शोभेना.

शुक्रवारी लुक्रेसिया आली, तेव्हा बाईंनी तिच्याजवळ पत्ता आणि पुठ्ठा दिला. नंतर तिने सांगितलं ते असं. उस्तादांनी दार उघडलं, पेटीकडे पाहिलं, नको म्हणाले. मग पुठ्ठा वाचला. अवजारांची पेटी पलंगाखाली दोरीने बांधून ठेवलेली होती. सुट्टी चालू होती, खालून आरडाओरडा येत होता. ते घड्याळाकडे बघत उभे राहिले. अकरा वीसला घंटा झाली, पावलं वाजली, कुणीतरी शेवटचं एक पोर रडत गेलं. मग काहीच नाही. त्यांनी खिशातून काटा काढला, गुडघ्यावर आपटला आणि मला म्हणाले, मोज. मी घाईने मोजलं, चाळीस झाले. ते म्हणाले, तुला बाईंसारखं मोजता येत नाही, पण असू दे. पेटी ठेवून जा.

रुळांशेजारी सव्वीस वर्षं राहिलेल्या माणसाला एका सलग तुकड्यात चार मिनिटं मिळत होती. इथे त्याला ऐंशी मिळत होती. हे त्याने आधी का ताडलं नाही? तो आवाजाला घाबरून कानात बोळे घालून बसला होता, आणि कानात बोळे असलेल्या माणसाला शांतता सुरू झालेलीही ऐकू येत नाही.

दोन आठवड्यांनी, रविवारी सकाळी, फ्लोरेस्तातल्या जुन्या जिन्यात पावलं वाजली. बाईंना ती ओळखू आली. त्याच वेळी फाटकाची घंटा सुरू झाली, गाडी आली, काचा थरथरल्या. पावलं थांबली नाहीत. आज त्याच्याजवळ सांडण्यासारखं काही नव्हतं, हातात फक्त चंद्रकोरीच्या आकाराच्या गोड पावांचा पुडा होता.

बाईंनी पाणी ठेवलं. बाल्दोमेरो नेहमीच्या खुर्चीत बसला. लुक्रेसियाची पेटी झाली, त्याने सांगितलं. ती घेऊन गेली, वाजवली, परत आणली नाही. भोपळा दोनदा इकडून तिकडे गेला. मग तो म्हणाला, "तुमच्या पुठ्ठ्यात एक चूक आहे."

बाई सरळ बसल्या. "कुठली?"

"गुरुवार. दहा ते अकरा चौथीच्या मुलांना पटांगणात बासऱ्या शिकवतात. तीस बासऱ्या, आणि त्यातल्या कुठल्याही दोन एका सुरात नाहीत. मी सज्जातून ओरडणार होतो."

"प्लास्टिकच्या?"

"प्लास्टिकच्या. पांढऱ्या."

बाईंनी भोपळ्यात पाणी ओतलं, नळी नीट केली आणि त्याच्या हातात दिला. मागे एकदा त्यांच्या स्वतःच्या शाळेतही असा एक उत्साही संगीत शिक्षक आला होता. तीन वर्षं त्यांचा वर्ग त्याच्या वर्गाला लागून होता.

"त्याला मीसुद्धा आवाजच म्हणते," त्या म्हणाल्या.

बाल्दोमेरो हसला. चहा नळीतून वर यायचा तो थांबला आणि त्याला ठसका लागला, इतका हसला. बाईंनी त्याची पाठ थोपटली. त्यांनी माफी मागायचं मनात ठरवून ठेवलं होतं, वाक्यही तयार होतं, पण आता ते म्हणायला जागा उरली नव्हती.

पुठ्ठा अजून त्याच्या टेबलासमोर भिंतीवर आहे. गुरुवारची वेळ त्याने स्वतःच्या अक्षरात खाली जोडली आहे, तिसऱ्या रंगात. नाजूक, वरच्या पट्ट्या तो पहिल्या तासाला करतो, मोठ्या दुसऱ्या तासाला. बारा वीस ते एक वीस तो जेवतो आणि झोपायचा प्रयत्न करतो. सुट्टी झाली की कानस खाली ठेवून सज्जात उभा राहतो. काही पोरं त्याला ओळखू लागली आहेत आणि खालून "उस्ताद, घंटा झाली" म्हणून त्याच्याच कामावर लक्ष ठेवतात. सेविकेला त्याने एकदा घड्याळ दाखवून सांगितलं की काल घंटा अर्धा मिनिट उशिरा झाली. ती आता त्याच्याशी बोलत नाही.

गुरुवारी दहा ते बारा बाल्दोमेरो स्कार्पा घरी भेटत नाही. त्या वेळी तो फ्लोरेस्तात, एर्मिनियाबाईंच्या स्वयंपाकघरात असतो, आणि गाडी आली की दोघं बोलायची थांबतात.